भिजलेली पाठफळी आणि देखभालीचे अर्थशास्त्र



विकासाची चर्चा बहुधा नव्या उभारणीभोवती फिरते. नवे बंदर, नवी नौका, नवे यंत्र यांचे आकडे अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतात. असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी लागणारा खर्च मात्र सहसा नजरेआड राहतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात स्थूल देशांतर्गत उत्पादनातून घसारा वजा केला की निव्वळ देशांतर्गत उत्पादन मिळते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण घसारा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजून घ्यायचे असेल तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या लाकडी होडीच्या पाठीकडे पाहावे. होडीच्या पिछाडीला जी सपाट आडवी फळी असते, तिला नौकाबांधणीच्या भाषेत ट्रान्सम म्हणतात. येथे तिला पाठफळी म्हणू. या एका फळीत पाणी मुरले की काय घडते, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पाठफळी कोठून आली?

भारताच्या किनाऱ्यावरील एका खोडातून कोरलेल्या डोणीची दोन्ही टोके निमुळती असत. वल्ही आणि शीड यांच्यासाठी तीच रचना सोयीची होती. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात झालेल्या करारानुसार केरळमधील कोल्लमजवळ नींदकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला आणि मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाला चालना मिळाली. १९५७ साली कोची येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. नौकेचे लाकूड टिकवण्यावर तिने दीर्घकाळ संशोधन केले असून, प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडाची नौका हे त्याचे एक उल्लेखनीय फलित होय.

१९८० च्या दशकात होडीच्या बाहेर टांगायची छोटी इंजिने केरळ आणि तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर झपाट्याने पसरली. त्याच काळात कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम येथे प्लायवूडच्या होड्या बांधण्याचे काम सुरू झाले. बाहेरचे इंजिन टांगण्यासाठी सपाट आणि भक्कम पिछाडी हवी. सुमारे १० अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन ४० किलोच्या आसपास असते. ते वजन, होडीला पुढे ढकलणारा जोर आणि अखंड थरथर हे सारे पाठफळीवर येते. म्हणजेच होडीतील सर्वांत महाग यंत्र तिच्या सर्वांत भिजणाऱ्या भागावर टांगलेले असते.

लाकूड कुजते कसे?

लाकडातील ओलावा मोजताना पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून पाहतात. १३० ग्रॅमचा ओला तुकडा पूर्ण वाळवल्यावर १०० ग्रॅम भरला, तर ओलावा ३० टक्के होय. साधारण २८ ते ३० टक्क्यांपर्यंतचे पाणी तंतूंच्या भिंतींत सामावलेले असते. त्यापुढचे पाणी पोकळ्यांत साचते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कायम पाण्याखाली बुडालेल्या लाकडाला बुरशीपासून फारसा धोका नसतो, कारण तेथे प्राणवायू पोचत नाही. खारे पाणीही बुरशीला मानवत नाही. लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोसारख्या सागरी जीवांचा धोका मात्र पाण्याखाली कायम असतो. उलट पाठफळी अर्धी ओली, अर्धी कोरडी असते. तिच्या आतल्या बाजूला पावसाचे गोडे पाणी साचते आणि बोल्टांच्या छिद्रांतून ते गाभ्यात उतरते. पाणी, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी बुरशीला एकाच जागी मिळतात. प्लायवूडचा गाभा आणि वर फायबरचा थर अशी रचना असेल, तर आत शिरलेले पाणी बाहेर पडण्याचा मार्गच उरत नाही. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आत लाकूड भुसभुशीत झालेले असते.

वाळवणे आणि दुरुस्ती

अनुभवी सुतार प्रथम हातोडीने फळी ठोकून पाहतो. निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. शंका आल्यास तो बारीक छिद्र पाडून निघालेला भुसा तपासतो. भुसा काळपट आणि ओला असेल तर दोष खोलवर गेलेला असतो.

पुढची पायरी इंजिन आणि सर्व लोखंडी सामान काढण्याची. त्यानंतर रंग खरवडून लाकूड उघडे करतात. खारे पाणी मुरलेले लाकूड हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून ते गोड्या पाण्याने धुऊन मगच वाळवणे हिताचे असते. मीठ राहिले तर विजेवर चालणारे ओलावामापकही खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखवते. होडी ठोकळ्यांवर उचलून, वर छप्पर आणि बाजूंनी मोकळी हवा अशा जागी ठेवावी लागते. कडक उन्हात ठेवल्यास बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड तडकते. प्रगती पाहण्याचा स्वस्त उपाय म्हणजे त्याच लाकडाचा एक तुकडा शेजारी ठेवून दर आठवड्याला वजन करणे; वजन स्थिरावले की हवेच्या मानाने वाळणे पूर्ण झाले. बाकीची होडी मात्र गरजेपेक्षा अधिक वाळू देऊ नये, नाहीतर फळ्यांच्या सांधी उघडतात.

कुजलेला भाग दिसतो तेवढाच काढून भागत नाही. बुरशीचे तंतू पुढे पसरलेले असतात, म्हणून निरोगी लाकूड लागेपर्यंत तासावे लागते. नवा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा असावा आणि त्याचा तिरका सांधा जाडीच्या किमान आठपट लांब असावा. इपॉक्सी गोंद वापरायचा असेल तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आत हवा. ओल्या लाकडावर तो नीट धरत नाही. बोल्टांची छिद्रे मोठी करून, इपॉक्सीने भरून, त्यात पुन्हा योग्य मापाची छिद्रे पाडली म्हणजे गाभ्यात पाणी शिरण्याची वाट बंद होते.

ऋतू, बंदी आणि संधीची किंमत

तांत्रिक उत्तर असे स्पष्ट असताना दुरुस्ती पुढे का ढकलली जाते? याचे कारण काळाच्या किमतीत आहे. भारताच्या विशेष आर्थिक क्षेत्रात २०१५ पासून मासेमारीला ६१ दिवसांची एकसमान हंगामी बंदी लागू झाली. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून, तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ठरवण्यात आली. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना तीतून सूट आहे.

दिवस समान असले तरी दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांचे मोल समान नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडाचा ओलावा सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८५ टक्के असेल तर तो सुमारे १८ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. पूर्व किनाऱ्यावरील बंदीचा काळ मुख्यतः उन्हाळ्यात येतो. कोकण, गोवा, कर्नाटक आणि केरळ येथे मात्र बंदी आणि मुसळधार पाऊस एकदमच येतात. रत्नागिरी किंवा मालवणच्या मच्छीमाराला जेव्हा सवड असते तेव्हा लाकूड वाळत नाही, आणि लाकूड वाळण्याजोगे होते तेव्हा मासेमारीचा हंगाम भरात असतो. हंगामात होडी उभी ठेवणे म्हणजे रोजची मिळकत सोडणे. अर्थशास्त्रात यालाच संधीची किंमत म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आज दुरुस्ती केल्यास साहित्य व मजुरीचे ८,००० रुपये आणि २० दिवसांची, रोज ६०० रुपयांप्रमाणे १२,००० रुपयांची मिळकत, असा एकूण २०,००० रुपयांचा भार पडतो. दुरुस्ती टाळली आणि हंगामात पाठफळी निकामी झाली, तर ४५,००० रुपयांचे काम आणि ४० दिवसांची २४,००० रुपयांची मिळकत, असे ६९,००० रुपये जातात. टाळूनही वर्ष सुखरूप गेले तर त्या वर्षापुरता खर्च शून्य धरू. मग फळी निकामी होण्याची शक्यता सुमारे २९ टक्क्यांहून अधिक असेल, तर आजची दुरुस्तीच किफायतशीर ठरते. या हिशेबात इंजिन समुद्रात पडण्याचे नुकसान नाही, आणि होडीवरील माणसांच्या जिवाची किंमत तर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

तरीही हाती रोख २०,००० रुपये नसणारा मच्छीमार रंगाचा एक हात मारून समुद्रात जातो. हा अविचार नव्हे. ती पतपुरवठ्याच्या अभावातून आलेली निवड आहे.

धोरणातील रिकामी जागा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार प्रादेशिक जलक्षेत्रातील मासेमारी हा राज्यांचा, तर त्यापलीकडील मासेमारी हा केंद्राचा विषय आहे. २०१८-१९ मध्ये किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मच्छीमारांना लागू झाली. ती मुख्यतः इंधन, बर्फ, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी आहे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पायाभूत सुविधा आणि नव्या मालमत्तेला मोठे स्थान मिळाले. जुन्या होडीची मोठी दुरुस्ती या दोहोंच्या मधल्या जागेत पडते: रोजच्या खर्चाच्या मानाने ती मोठी आणि नव्या गुंतवणुकीच्या मानाने लहान.

ही जागा भरण्यासाठी फार मोठ्या रकमेची गरज नाही. मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर हवेशीर छपराच्या सामाईक दुरुस्ती शेड, सहकारी संस्थेकडे एखादे ओलावामापक, प्रशिक्षित सुतार आणि बंदीच्या काळापुरते अल्पमुदतीचे कर्ज एवढ्याने पुष्कळ साधेल. छपराखाली वारा खेळता ठेवला आणि काम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू झाले, तर पश्चिम किनाऱ्यावरही पावसाआधी लाकूड वाळवता येते.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत घसारा ही एका ओळीची व्याख्या असते. किनाऱ्यावर ती एका कुटुंबाची वर्षभराची कमाई असते. भांडवलनिर्मितीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी निर्मितीइतकेच महत्त्व रक्षणालाही दिले पाहिजे. कारण राष्ट्राची संपत्ती नव्या होड्यांच्या संख्येवर जितकी अवलंबून असते, तितकीच ती जुन्या होड्या किती काळ सुरक्षितपणे समुद्रात जाऊ शकतात, यावरही अवलंबून असते.