ऑफिसच्या भाड्यात तुमचा वाटा

ऐरोलीतल्या काचेच्या टोलेजंग इमारती तुम्ही पाहिल्या असतील. अशा इमारतींच्या भाड्यातला छोटा वाटा आता सामान्य माणसालाही मिळू शकतो. तो मार्ग म्हणजे रीट, अर्थात रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2014 साली त्याचे नियम केले. 2019 मध्ये देशातला पहिला रीट शेअर बाजारात आला. सुरुवातीला मोठी रक्कम लागे. 2021 नंतर रीटचं एक युनिट, म्हणजे एक हिस्साही घेता येऊ लागला.

नियम कडक आहेत, आणि ते तसेच हवेत. शंभरातले किमान ऐंशी रुपये पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या मालमत्तेतच असावे लागतात. वाटण्याजोग्या रकमेतले नव्वद टक्के गुंतवणूकदारांना द्यावेच लागतात. अर्धवट इमारतीत पैसे अडकण्याची भीती त्यामुळे बरीच कमी होते. पण लक्षात ठेवा, भाडं आहे तरच उत्पन्न आहे. ही मुदत ठेव नव्हे.

कुणी म्हणेल, लोक घरून काम करतात, मग ऑफिसं हवीत कशाला? शंका रास्त आहे. कोरोनाकाळात काही कंपन्यांनी जागा सोडल्या. पुढे परदेशी कंपन्यांनी भारतात मोठी केंद्रं थाटली, आणि चांगल्या इमारतींची मागणी परतली. फटका बसतो तो जुन्या, गैरसोयीच्या इमारतींना. म्हणून नुसतं नाव पाहू नका, इमारती पाहा. किती जागा रिकामी आहे? करार कधी संपतात? कर्ज किती आहे? पुन्हा सांगतो, भाडं आहे तरच उत्पन्न आहे. पैसे गुंतवण्याआधी रीटचा अहवाल वाचा, किंवा जाणकाराकडून तो समजून घ्या.