मतांची संख्या आणि जनतेची साक्ष
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



इंटरनेटच्या नियमनाविषयी या देशातील सामान्य ग्राहकांनी एकदा आपले म्हणणे सरकारदरबारी मांडले आणि बड्या भांडवलाला माघार घ्यावयास लावली. या लढ्याचा आपल्याकडे पुरेसा अभ्यास झाला आहे असे मला वाटत नाही.

२७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ११८ पानांचा सल्लामसलत-मसुदा प्रसिद्ध केला. त्यात वीस प्रश्न होते आणि भाषा वकील व अभियंत्यांची होती. तरुण स्वयंसेवकांनी ते प्रश्न सोपे करून सांगितले, उत्तरांचे नमुने तयार केले आणि महिन्याभरात दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे पोहोचले. वाद काय होता? जो व्यावसायिक कंपनीला पैसे मोजील त्याचे संकेतस्थळ ग्राहकाला फुकट, इतरांसाठी मात्र ग्राहकाने डेटाचे दाम भरावयाचे! एअरटेलच्या अशा ‘झीरो’ योजनेतून लोकक्षोभामुळे फ्लिपकार्ट त्याच एप्रिलमध्ये बाहेर पडली. ट्रायने पुढे ती सारी पत्रे पाठविणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसह जाहीर करून टाकली. म्हणणे उघड्यावर यावयास हवे हे खरे. पण पत्ता कशासाठी?

डिसेंबरात दुसरा मसुदा आला. यात चारच प्रश्न होते. आता फेसबुक मैदानात उतरली. ‘फ्री बेसिक्स’ म्हणजे गरिबांना मोफत इंटरनेट, अशा पानपानभर जाहिराती झळकल्या. त्या मोफत दालनात कोणी यावे याच्या अटी ठरविणार मात्र फेसबुक. एक कळ दाबली की समर्थनाचा तयार संदेश ट्रायकडे जाई. असे लाखो संदेश गेले, परंतु विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती. सल्लामसलतीला डोकी मोजण्याचे स्वरूप दिल्याबद्दल ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला पत्राने फटकारले.

तयार नमुने तर स्वयंसेवकांनीही वापरले होते, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. फरक इतकाच की त्या नमुन्यांत प्रश्नागणिक उत्तर व कारण होते. सल्लामसलतीत वजन असते ते कारणाला.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. उल्लंघनास रोज ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठरला. हा दंड या कंपन्यांच्या दृष्टीने किरकोळच. तरी तीन दिवसांत ‘फ्री बेसिक्स’ भारतातून गेले.

मात्र या विजयाची मर्यादाही पाहिली पाहिजे. ज्याच्या नावाने सारा वाद चालला, तो मोबाइलवर इंटरनेट नसलेला शेतमजूर या चर्चेत कोठेच नव्हता. मसुदा त्याच्या भाषेत नव्हता आणि उत्तर पाठविण्याचे साधनही त्याच्या हाती नव्हते. मक्तेदारीही हटली नाही. आज खाजगी मोबाइल सेवेत तीनच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत.

सल्लामसलतीचा हक्कही कच्च्या पायावर उभा आहे. ट्रायच्या कायद्यात पारदर्शकतेचे बंधन आहे, म्हणून तेथे मते व प्रतिमते प्रसिद्ध होतात. मंत्रालयांसाठी मात्र २०१४ चे केवळ एक धोरण आहे: कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. ११ मे २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रायचाच एक नियम रद्द केला आणि अशा सल्लामसलतीसाठी सर्वसाधारण कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचविले. तसा कायदा झालेला नाही. उलट २०२२ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या विधेयकावर मते मागविताना माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने ती मते जाहीर केली जाणार नाहीत, असे आधीच सांगून टाकले. कोणत्या कंपनीने काय मागितले हे जनतेला कळणारच नसेल, तर त्याचे खंडन करावयाचे कोणी?

यापुढे असा मसुदा निघाला की त्याचे मराठी टिपण पहिल्या आठवड्यातच शाखांपर्यंत पोहोचावे. कामगार वस्तीत, गावात ते वाचून दाखवावे. तेथील लोक जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, मुदतीच्या आत पाठवावे आणि मंत्रालयाने ते छापावे अशी मागणी त्याच पत्रात करावी.