मूल काय शिकतें, हें घरास कळावें
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत प्राथमिक शाळेच्या शिक्षकवर्गातर्फें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवशीं गेल्या काळाचें स्मरण करणें योग्यच आहे. परंतु आम्हां शिक्षकांस बोलण्याची आज्ञा झाली आहे, म्हणून जीं मुलें पुढची ज्युबिली पाहतील त्यांच्याविषयीं आम्ही चार शब्द बोलणार आहों. आमचा विषय लहानसा आहे. प्राथमिक वर्गांत मूल काय शिकत आहे, हें त्याच्या आईबापांस कसें आणि केव्हां कळवावें, एवढाच तो आहे. तथापि या लहानशा गोष्टीवर पुष्कळ मुलांचें पुढील शिक्षण अवलंबून असतें, अशी आमची खात्री आहे.

आपल्या वाडवडिलांच्या काळीं ही अडचण फारशी नव्हती. तिन्हीसांजेस दिवा लागला कीं मुलें परवचा म्हणावयास बसत. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांचा घोष घरभर ऐकूं येई. ज्या आईस एक अक्षरही वाचतां येत नसे, तिलाही मूल कोठें अडखळलें हें कानानें समजे. त्या पद्धतींत घोकंपट्टीचा दोष होता, हें आम्ही मान्य करतों. परंतु मुलाची विद्या घरास ऐकूं येत होती, हा तिचा मोठा गुण होता. आज मूल वहींत लिहितें, गटांत बसून काम करतें, वस्तु हाताळून गणित शिकतें. ही सुधारणा चांगलीच आहे. पण हें शिकणें घरास ऐकूं येत नाहीं. घरीं पोंचतें तें सत्राच्या अखेरचें प्रगतिपुस्तक, आणि त्यांत विषयापुढें लिहिलेली एक श्रेणी.

ही श्रेणी काय सांगते तें पाहूं. तिसरीच्या एका मुलास गणितांत 'ब-२' मिळाली असें समजा. म्हणजे शंभरांपैकीं ६१ ते ७० गुण. बाप म्हणतो, "ठीक आहे." आई म्हणते, "बाळा, आणखी अभ्यास कर." दोघांचेंही चुकत नाहीं, पण मुलास त्याचा उपयोगही होत नाहीं. शिक्षकानें मात्र त्याची वही पाहिलेली असते. ५२ मधून २७ वजा करतांना तें मूल ३५ असें उत्तर लिहितें. कारण २ मधून ७ जात नाहींत, म्हणून तें उलट ७ मधून २ काढतें. दशक मोडून एकक करावयाचे असतात, हें त्यास उमगलेलें नाहीं. एवढी एक गोष्ट घरीं कळली, तर आई दहा रुपयांच्या पांच नोटा आणि एक रुपयाचीं दोन नाणीं मुलापुढें ठेवील आणि म्हणेल, "यांतून मला सत्तावीस रुपये दे." मूल दोन नोटा देईल, दोन्ही नाणीं देईल, आणि मग आपणच म्हणेल कीं आतां एक नोट मोडून आणली पाहिजे. जें फळ्यावर समजलें नव्हतें तें घरांत समजेल. श्रेणी खोटी नव्हती. पण पुढें काय करावें हें तिनें सांगितलें नव्हतें.

वाचनाची गोष्ट याहूनही नाजूक आहे. दुसरीचें मूल पुस्तक उघडून सबंध धडा म्हणून दाखवितें, आणि घरचीं माणसें संतोष पावतात. परंतु ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलें तर तें गप्प राहतें. कारण धडा ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. २००५ सालापासून 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें ग्रामीण भारतांत 'असर' नांवाची पाहणी होत आली आहे. तिचे कार्यकर्ते मुलाच्या घरीं जातात आणि अक्षरें, शब्द, एक सोपा परिच्छेद व दुसरीच्या योग्यतेची एक गोष्ट त्यास वाचावयास देतात. २०२४ च्या पाहणींत तिसरीच्या शंभर मुलांपैकीं सुमारें २७ मुलांसच ती गोष्ट वाचतां आली. बाकीचीं मुलेंही शाळेच्या पटावर होतीं आणि वरच्या वर्गांत चढत होतीं. तिसरीपर्यंत मूल वाचावयास शिकतें, आणि त्यापुढें वाचून इतर विषय शिकतें. म्हणूनच भारत सरकारनें २०२१ मध्यें सुरू केलेल्या 'निपुण भारत' योजनेनें वाचन व अंकज्ञान यांसाठीं तिसरीच्या अखेरची मर्यादा घातली. जें मूल येथें मागें राहिलें, त्याच्या आईबापांस तें सातवींत कळून काय उपयोग?

आईबापांस कळविणें ही शिक्षकाची मेहेरबानी नव्हे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याचें २४ वें कलम असें सांगतें कीं शिक्षकानें पालकांच्या नियमितपणें सभा घ्याव्या, आणि मुलाची उपस्थिति, त्याची शिकण्याची क्षमता व शिकण्यांतील प्रगति त्यांस कळवावी. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाहीं असा निर्णय दिला, आणि २०२५ मध्यें त्याच न्यायालयाच्या एका पीठानें त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असें मत दिलें. त्याचें काय व्हावयाचें तें होवो. आपल्या शाळांस तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचें ७९६ वें कलम हेंच सांगतें: आईबापांनीं शिक्षकांशीं निकट सहकार्य करावें, शिक्षकांनींही आईबापांशीं तसेंच वागावें, त्यांचें म्हणणें आनंदानें ऐकावें, आणि पालकांच्या सभा भरवून त्यांस मान द्यावा. कायद्याचा हुकूम सुटला तरी हें कर्तव्य सुटत नाहीं.

आतां हें कार्य कसें करावें, याविषयीं आमचा विचार आपणांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट, निरोपांत तीन गोष्टी असाव्या: मुलास आज काय येतें, तें कोठें अडतें, आणि या आठवड्यांत घरीं काय करावें. जें येतें तें आधीं सांगावें. त्यानें मुलाचा मान राहतो आणि पुढचें ऐकावयास आईबापांचें मन मोकळें होतें.

दुसरी गोष्ट, निरोप वेळेवर यावा. सत्र संपल्यावर आलेली बातमी म्हणजे पीक गेल्यावर आलेला पाऊस. पंधरा दिवसांत वहीच्या पानावर लिहिलेल्या दोन ओळी प्रगतिपुस्तकापेक्षां अधिक काम करतात.

तिसरी गोष्ट, भाषा घरास समजणारी असावी. आपल्या वसई भागांत मूल सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलत शाळेंत येतें. शाळेची भाषा प्रमाण मराठी, आणि पुष्कळांची आतां इंग्रजी. इंग्रजींत छापलेलें प्रगतिपुस्तक आजीच्या हातीं दिलें, तर तें न दिल्यासारखेंच होय. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस तोंडानें सांगावें. आणि आपली बोली हें मुलाचें अज्ञान नव्हे, तें त्याचें भांडवल आहे, हेंही त्याच वेळीं सांगावें.

चौथी गोष्ट, मुलाची उणीव चारचौघांत सांगूं नये. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हांपासून मोबाइलवर निरोप देण्याची संवय पडली. सुट्टी, सभा, सहल यांसाठीं वर्गाचा व्हॉट्सॲप गट सोयीचा आहे. पण अमक्याच्या मुलीस वाचतां येत नाहीं, ही गोष्ट चाळीस घरांनीं वाचण्याची नव्हे. ती समोरासमोर, हळू आवाजांत बोलण्याची आहे.

पांचवी गोष्ट, सभेची वेळ पालकांच्या कामधंद्याकडे पाहून ठरवावी. जो पहांटे भाजी घेऊन बाजारास जातो, जी मच्छी विकते, किंवा जो सकाळच्या लोकलनें मुंबईस जातो, त्यास कामाच्या दिवशीं अकरा वाजतां बोलावून "पालक येत नाहींत" असें म्हणणें न्यायाचें नाहीं. रविवारच्या मिस्सेनंतरचा अर्धा तास पुष्कळांस सोयीचा होईल.

आतां पालकांकडे आमचीं दोन मागणीं आहेत. पहिलें असें कीं, आम्ही सांगूं ती बातमी समजावी, तक्रार समजूं नये. आमच्यापैकीं कित्येकांचा हात निरोप लिहितांना थांबतो, तो एकाच भीतीनें: हा कागद घरीं गेला तर मूल मार खाईल. ज्या घरांत बातमीचें उत्तर छडीनें दिलें जातें, तेथें मूलच वही लपवूं लागतें, आणि मग आपण दोघेही आंधळे होतों. शेजारच्या मुलाशीं तुलना हीही एक छडीच आहे. दुसरें मागणें असें कीं, आपणही आम्हांस कळवावें. मूल पुस्तक डोळ्यांजवळ नेतें कां, रात्रीं झोपतें किती, घरांत आजारपण किंवा मृत्यु झाला आहे काय, कशांत त्याचें मन रमतें, हें आम्हांस वर्गांतून दिसत नाहीं. ज्याला आम्ही आळशी समजूं, त्यास कदाचित् केवळ चष्म्याची गरज असेल. "आम्ही अडाणी, मास्तरांस काय सांगणार?" असें कृपा करून म्हणूं नका. मुलाविषयींचें आपलें ज्ञान कोणत्याही पदवीनें मिळत नाहीं. आणि जेथें आईबाप नाहींत, तेथें सांभाळणारी आजी, मामा किंवा मोठी बहीण हेच आमच्या दृष्टीनें पालक होत. त्यांनींही निःसंकोचपणें यावें.

शेवटीं आजच्या आज करतां येईल असें एक काम सांगतों. घरीं गेल्यावर मुलास जवळ बसवा, पुस्तकांतील न झालेल्या धड्याचें पान उघडा, आणि त्यास चार ओळी वाचावयास सांगा. आपणांस वाचतां येत नसेल तर शेजारच्या मोठ्या मुलास बसवून घ्या. रागावूं नका, शब्द सुचवूं नका, फक्त ऐका. जें ऐकाल तें येत्या आठवड्यांत येऊन आम्हांस सांगा. आम्ही वही घेऊन तयार असूं, आणि मग पुढें काय करावें हें आपण मिळून ठरवूं.