एक डोळा मिटून पाहा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



भूगोलाचं पुस्तक आठवतंय? तपांबर, स्थितांबर, मध्यांबर... आपण नुसतं पाठ केलं. बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर हे थर मला पुन्हा भेटले, एका ज्वालामुखीमुळे.

१५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरात हुंगा टोंगा या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. लोट किती उंच गेला? नेहमीची रीत अशी: उपग्रहाने लोटाच्या माथ्याचं तापमान मोजायचं, जितका थंड, तितका उंच. पण हे तपांबरापुरतंच. स्थितांबरात ओझोनमुळे वर जावं तशी हवा तापते. म्हणजे एका तापमानाला दोन उंच्या!

मग ऑक्सफर्डच्या सायमन प्राउड यांच्या चमूने आपल्या सरांचीच युक्ती वापरली. अंगठा समोर धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकलेला दिसतो; जितका जवळ, तितका जास्त. त्यांचे डोळे म्हणजे जवळपास ३६,००० किमी उंचीवरचे तीन भूस्थिर उपग्रह: जपानचा, कोरियाचा, अमेरिकेचा. उत्तर आलं ५७ किमी. थेट मध्यांबर! इतका उंच ज्वालामुखीचा लोट त्याआधी कधी मोजला गेला नव्हता.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. नासाच्या ऑरा उपग्रहाला स्थितांबरात प्रचंड बाष्प दिसलं. पण सुरुवातीचे बरेच आकडे गुणवत्तेच्या ठरलेल्या चाळणीत नापास होत होते. शास्त्रज्ञांनी ते फेकले नाहीत, तपासले. हवामानाच्या फुग्यांनाही जादा बाष्प सापडलं होतं. अंदाज निघाला सुमारे १४.६ कोटी टन पाण्याचा; स्थितांबरातल्या एकूण बाष्पाच्या जवळपास दहा टक्के.

अशा चाळण्या मी पोटासाठी लिहिते. एकदा माझ्या चाळणीने तापमानाचा एक ‘अशक्य’ आकडा गुपचूप गाळला. आकडा खरा होता. यंत्र जळालं, कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्या रात्री गणिताच्या बाई आठवल्या: “उत्तर विचित्र आलं तर खोडू नकोस. आधी रीत तपास.”

बाई, तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. आता माझी चाळणी गाळलेला प्रत्येक आकडा बाजूला जपून ठेवते, माणसाने पाहावा म्हणून. उशीर झाला, पण गृहपाठ पूर्ण केलाय.