बदकाचा प्रतिध्वनी

हैदराबादेतील चिक्कडपल्लीचे मध्यवर्ती ग्रंथालय सकाळपासूनच गजबजून जाते. सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले तरुण तेथे दिवसभर पाठांतर करीत बसतात. सामान्य ज्ञानाची चार वाक्ये तोंडपाठ असली, तर एखादा गुण पदरात पडतो; म्हणून जे छापलेले दिसेल ते पाठ करावे, अशी त्यांची रीत. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. परंतु या सामान्य ज्ञानाच्या बाजारात काही खोटी नाणीही वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत आली आहेत. त्यांतलेच एक असे : ‘बदकाच्या ओरडण्याला प्रतिध्वनी नसतो, आणि याचे कारण कोणालाही ठाऊक नाही.’

या वाक्याचा पूर्वार्ध चुकीचा आहे, पण तेवढ्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते उत्तरार्धाने. ‘कोणालाही ठाऊक नाही’ हे शब्द ऐकताच विचारणाराचे तोंड बंद होते. जे मोठमोठ्या शास्त्रज्ञांना उमगले नाही, ते आपल्यासारख्याने कशाला उकरावे, असे म्हणून तो पुढच्या वाक्याकडे वळतो. वास्तविक पाहता, कारण शोधण्याला शाळेतले गणितही पुरेसे आहे.

ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४४ मीटर जातो. मूळ आवाज आणि त्याचा पडसाद हे दोन्ही कानाला निरनिराळे ऐकू यायचे, तर त्यांच्यामध्ये सुमारे एक दशांश सेकंद जावा लागतो. तेवढ्या वेळात ध्वनी ३४ मीटर जाऊन येतो. म्हणून समोरची भिंत निदान १७ मीटर दूर हवी, असे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. हा हिशेब टाळीसारख्या क्षणात संपणाऱ्या आवाजाचा आहे. बदकाचे ओरडणे लांबते. ते पाव सेकंद टिकते असे धरले, तर १७ मीटरवरील भिंतीचा पडसाद परत येतो तेव्हा बदक अजून ओरडतच असते! दोन आवाज एकात एक मिसळतात आणि ऐकणाराला एकच लांबट ओरड ऐकू येते. मग भिंत ४३ मीटरवर न्यावी काय? न्यावी, पण अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. शिवाय बदकाची ओरड टाळीसारखी एकदम तुटत नाही, हळूहळू विरत जाते, आणि त्या विरत्या शेपटातच क्षीण पडसाद दडून बसतो. अशा रीतीने जवळ गेले तर गोंधळ आणि दूर गेले तर क्षीणता, या कचाट्यात तो सापडतो. त्यातून बदकाचे राहणे उघड्या पाण्यावर. हुसेनसागराच्या मधोमध एखादे बदक ओरडले, तर तो आवाज परतवायला तेथे जवळपास भिंत कोठली?

एवढे अनुमान झाले, तरी पडताळा पाहिजेच. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी २००३ साली तो घेतला. डेझी नावाच्या एका बदकाला त्यांनी प्रथम अशा खोलीत नेले की जिच्या सर्व बाजूंना ध्वनी गिळून टाकणाऱ्या पाचरी बसविलेल्या होत्या. तेथे पडसाद नाही तो कसा, हे कळले. नंतर तिला प्रचंड घुमणाऱ्या दुसऱ्या खोलीत नेले. तेथे डेझीची ओरड घुमू लागली. पुढे संगणकाच्या साहाय्याने त्यांनी हेच ओरडणे एखाद्या कड्यासमोर झाले असता कसे ऐकू येईल, तेही अजमावले. पडसाद होता, केवळ कानाला सहज न सापडणारा.

ज्याला इतक्या दूरचा दाखला नको असेल, त्याने चिक्कडपल्लीहून दहा-बारा किलोमीटरवरील गोवळकोंड्याला जावे. बाला हिसारच्या प्रवेशद्वारापाशी छताखाली वाजविलेली टाळी वर टेकडीच्या माथ्यावरील बारादरीत ऐकू येते. हे अंतर सुमारे एक किलोमीटर सांगतात. तेव्हा आवाज वर पोहोचण्यास तीन सेकंदांच्या आसपास लागत असले पाहिजेत. वाटाडे ही टाळी शत्रूची चाहूल देण्यासाठी असे, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. तसे असेलही, मात्र १६८७ साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाचे सैन्य आत शिरले ते फितुराने आतून उघडलेल्या दरवाजाने! पण इथले विशेष असे की, वाटाड्याच्या बोलण्यावर कोणीही विसंबत नाही. एकजण खाली थांबतो, दुसरा वर चढतो, आणि टाळी खरोखर ऐकली जाते. त्याच जागी टाळीऐवजी कोणी बदकासारखे ओरडून पाहिले, तर बदकाचा सारा खटला तिथल्या तिथे निकालात निघेल.

त्याच किल्ल्याच्या अंधाऱ्या दालनांत वटवाघुळे लटकलेली असतात. त्यांच्या बाबतीत पडसाद हा कुतूहलाचा विषय नसून पोटापाण्याचा आहे. इटलीतील स्पालान्झानी या पाद्र्याने १७९३ च्या सुमारास दाखवून दिले की, डोळे गेलेले वटवाघूळही अडथळे चुकवीत उडते. परंतु ते आपल्याच आवाजाचे पडसाद ऐकून उडते, हे सिद्ध होण्यास विसावे शतक उजाडावे लागले; कारण तो आवाज मनुष्याच्या कानाच्या आवाक्याबाहेरचा होता.

आणि पक्ष्यांतही असे आहे. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. तेथील गुहांत एक जातीची पाकोळी आपल्या लाळेने घरटे बांधते. गुहा काळोखी, आणि पाकोळ्यांची दाटी मोठी; तरी त्या आपापल्या घरट्यापाशी नेमक्या उतरतात. उडताना त्या टिकटिक असा आवाज करतात आणि खडकावरून परतणाऱ्या पडसादावरून वाट ओळखतात. वटवाघळाच्या आवाजासारखा हा आवाज गुप्त नाही. मनुष्यालाही तो ऐकू येतो. हीच घरटी चीनमध्ये सूप करण्यासाठी मोल देऊन घेतली जातात, म्हणून चोरट्यांनी ती खरवडून नेली. आता ती काढण्यास कायद्याने मनाई आहे. बदकाची खोटी गोष्ट ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांपैकी किती जणांनी वेंगुर्ल्याच्या या पाकोळीचे नाव ऐकले असेल? संध्याकाळी ती समुद्रावरून परतते, गुहेच्या तोंडाशी उजेड संपतो, आणि तेथून तिची टिकटिक सुरू होते.