अडगळ आणि ऐवज



या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली. आमच्या वाट्याला आली अडगळ! शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते कामगार संघटनेच्या कचेरीतल्या धुळीत. तेव्हा हा विषय आमच्या अधिकारातला आहे, असे नम्रपणे म्हणतो.

वर्षभर वापरले नाही ते टाकून द्या, असा उपदेश हल्ली जो तो करतो. चार खोल्यांच्या घराला तो ठीक आहे. पण कामगाराच्या दहा बाय बाराच्या खोलीत भंगार आणि ऐवज एकाच ट्रंकेत असतात. तेथे आवरणे म्हणजे फेकणे नव्हे, निवडणे होय.

आमचाच एक अपराध सांगतो. एका दिवाळीच्या तोंडावर आम्ही कचेरी साफ करायला घेतली आणि उत्साहाच्या भरात दोन पोती रद्दीवाल्याच्या तराजूत घातली. पुढल्याच महिन्यात एका गिरणी कामगाराची विधवा दारात उभी राहिली. “भाऊ, यांचं विमा कार्ड तुमच्याकडं ठेवायला दिलं होतं.”

मुंबईतील गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हे आपण जाणताच. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली, तेव्हा कामगार १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता, याचा पुरावा लागू लागला. विमा कार्ड हा तसा पुरावा. आम्ही रद्दीवाल्याकडे धावलो. माल केव्हाच पुढे गेला होता. दुसरा कागद मिळवण्यासाठी त्या माउलीने किती हेलपाटे घातले! मिळाला नाही. “असू द्या भाऊ,” एवढेच ती म्हणाली. ते शब्द आम्हांला अजून रुततात.

मग काहीच टाकू नये काय? तसेही नव्हे. साठवण्यानेही माणसे मरतात. न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाचा कपड्यांचा कारखाना होता. तेथे कापणीच्या मेजांखाली चिंध्या साठत. त्या विकल्या जात, म्हणून साठू दिल्या जात. २५ मार्च १९११ रोजी आठव्या मजल्यावर त्या पेटल्या. नवव्या मजल्यावर जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार प्राणांस मुकले. त्यांत बहुतेक तरुण मुली.

आम्ही ऐवजाला रद्दी समजलो, त्या मालकांनी चिंध्यांना ऐवज मानले. दोन्हीकडे मोजायचा राहिला तो माणूस.

तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो. कामाच्या जागी आधी वाट मोकळी करावी. दार, जिना आणि विजेचे मुख्य बटण यांच्यापुढे एक खोकेही असू नये. घरी आधी कागद निवडावेत. नोकरीचे, जागेचे, विम्याचे कागद एका पत्र्याच्या पेटीत ठेवावेत आणि ती पेटी घरच्या सर्वांना ठाऊक असावी. तिसरे, दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्यावाचून टाकू नये. एवढे झाले की फुटकी बादली आणि मुका रेडिओ खुशाल भंगारात घाला!

उद्या सकाळी माळ्यावर चढाल, तेव्हा झाडूच्या आधी चष्मा हाती घ्या. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.