अपत्य आणि बाजार
(ज्युबिलीनिमित्त विलेपार्ले येथें केलेलें भाषण)



मंगल समयीं अवघड विषय काढीत आहों, याची क्षमा असावी.

याच मुंबईंत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत, ६ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नानें टेस्ट-ट्यूब बालिका जन्मास आली. पुढच्याच वर्षीं रोमनें ‘दोनुम वीते’ या पत्रांत सांगितलें कीं, संतति दांपत्याच्या मीलनाचें फळ असावी, प्रयोगशाळेची कृति नव्हे. तथापि असें जन्मलेलें मूलही देवाचेंच दान मानून स्वीकारावें. हें दुसरें वाक्य आम्ही फार लवकर विसरतों.

पुढें त्या विद्येचा व्यापार झाला. एका बाळासाठीं अनेक गर्भ निर्मावे, उरलेले गोठवावे किंवा टाकावे, हें नित्याचें झालें. कूसही भाड्यानें मिळूं लागली. ती २०२१ च्या कायद्यानें थांबविली.

परंतु गिऱ्हाईक धाडतें कोण? मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारांत नवविवाहितेस “कांहीं विशेष?” असें विचारणारे आम्हीच ना? तिसऱ्या वर्षीं त्याच प्रश्नांत कीव येते, आणि ती बापडी दागिने मोडून दवाखान्याची पायरी चढते. उलट एखादें दांपत्य अनाथ बालकास आपलें म्हणून बाप्तिस्म्यास आणतें, तेव्हां संत योसेफाच्या मूर्तीसमोरच आम्ही कुजबुजतों, “मूल कोणाचें?”